अक्कांच्या गाळलेल्या ओळी

बाळांनो, तुमच्या आजोबांची नजर अधू झाल्यापासून फोनच त्यांना निरोप वाचून दाखवतो. हे वाचणारं ॲप जगभरची माणसं हौसेनं, फुकट तयार करतात. त्यातली चूक सगळ्यांना दिसेल अशी नोंदवायची असते आणि दुरुस्त होईपर्यंत ती नोंद उघडी राहते.

गेल्या हिवाळ्यात आजोबा अक्कांवर, म्हणजे अक्कलकोटच्या त्यांच्या थोरल्या बहिणीवर, रुसले.

"पूर्वी किती मायेनं लिहायची. आता नुसतं मोटर जळाली, तूर काढली. यंदा संक्रांतीला इथल्या गड्ड्याच्या जत्रेला ये म्हणून मी काही सांगणार नाही."

मला नवल वाटलं. त्यांचा फोन घेऊन पाहिलं, तर निरोपांत मराठी ओळींखाली कन्नड ओळी होत्या. अक्कांची बोलण्यातलीही तीच रीत, कामाचं मराठीत, मायेचं कन्नडमध्ये. ॲप कन्नड तेवढं गुपचूप गाळत होतं. मला ती लिपी येत नाही. आजोबांना सांगितलं, तर म्हणाले, "तू तिचीच बाजू घे."

मग तुमच्यातल्या थोरलीनं व्हिडिओ कॉलवर शिकवलं तशी मी चूक नोंदवली, शाळेतल्या सवयीनं "रिस्पेक्टेड सर" लिहून. त्यांनी निरोपाचा नमुना मागितला, तो पाठवला. रोज चहा झाला की नोंद उघडून पाहायचे. एकदा "दुरुस्त" असा शेरा दिसला. वह्या तपासाव्यात तसं तपासलं. संपूर्ण कन्नड निरोप आता वाचला जात होता, पण मराठीत मिसळलेलं कन्नड अजून गळत होतं. मी नम्रपणे नोंद पुन्हा उघडायला लावली.

संक्रांतीच्या तोंडावर सुधारलेलं ॲप आलं. मी आजोबांसमोर अक्कांचा जुनाच निरोप लावला.

"बोअरची मोटर जळाली." आणि मग त्याच कोरड्या आवाजात, "ऊट आतेनो, तम्मा?" जेवलास का रे, धाकट्या?

आजोबांनी तो पुन्हा ऐकला. मग मागचे सगळे ऐकले. चहा गार झाला. शेवटी त्यांनी फोन लावला.

"अक्का, गड्ड्याला कधी येतीस?"

"आठवण आली व्हय? इतके दिवस नुसतं 'बरं, बरं' चाललं होतं की तुझं!"

"फोन बिघडला होता गं."

"मला वाटलं, मास्तरीणबाईंनी कान भरले."

मग या मास्तरीणबाईंनी नोंदीखाली आभार लिहिले आणि शेंगांच्या पोळीसाठी दाणे भाजायला घेतले.