सांगून सोडलेली गाडी

आम्हा ट्रक ड्रायव्हरांत गाडी सोडायची एक रीत होती. मालकाला आधी काही बोलायचं नाही. काहीतरी निमित्त सांगून त्याच्याकडचं लायसन तेवढं मागून घ्यायचं. माल उतरवायचा, गाडी नेहमीच्या पेट्रोल पंपावर लावायची, चावी तिथल्या माणसाकडं द्यायची आणि गावाकडच्या एसटीत बसल्यावर फोन लावायचा, "शेठ, गाडी पंपावर हाय, मी चाललो." आधी सांगितलं की मालक त्याच दिवशी गाडीवरून उतरवतो, लायसन अडकवून ठेवतो, हे सगळ्यांना पाठ होतं.

मी सांगून सोडली.

सातवीतच शाळा सुटलेली. किनवटकडून संभाजीनगरात आलो, तेव्हा मोठी गाडी हातात द्यायला कुणी तयार नव्हतं. उस्मानपुऱ्यातल्या या मालकानं दिली. पहिल्याच महिन्यात मागं घेताना मी एका कारखान्याचं फाटक वाकवलं. भीतीनं दिवसभर त्यांच्यासमोर गेलो नाही. शेवटी गेलो, तर "शीक हळूहळू," एवढंच म्हणाले. सात वर्षं तीच गाडी चालवली. अशा माणसाला एसटीतून फोन करायचा? मन धजेना.

गावाजवळच्या डेअरीत दुधाच्या टँकरवर जागा निघाली होती. पोरगी शाळेत जायला लागली होती. पण एक तारखेला मूळ लायसन घेऊन हजर व्हायचं होतं, आणि ते होतं मालकाच्या कपाटात. सगळ्यांचीच तिथं असायची. आम्ही झेरॉक्सवर फिरायचो.

"शेठ, पंधरा दिवसांनी गाडी सोडीन म्हणतो."

मालक बघत राहिले. "कुणी काय बोललं का?"

"नाय शेठ. डेअरीत टँकर मिळतोय, गाव जवळ पडतंय तिथून."

"बरं," म्हणाले, आणि फोन उचलून दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी अड्ड्यावर गेलो तर माझ्या गाडीवर नवा ड्रायव्हर. मला सांगितलं, बस इथंच. पाच दिवस बाकड्यावर बसून काढले. आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, येता-जाता हसायचे. "अरे मियाँ, बोलके गाडी छोडते क्या कोई? आता बस कलेक्टरसारखा!" दुपारी मात्र डब्यातली अर्धी भाकर तेच माझ्यापुढं सरकवायचे. मुकुंदवाडीच्या खोलीवरून गावाकडं बायकोला फोन केला की मी खोटंच सांगायचो, लायसन मिळालं म्हणून. एक तारीख जवळ येत होती, आणि कपाटाकडं बघायचंही धाडस होत नव्हतं.

सहाव्या दिवशी नवा ड्रायव्हर तणतणत आला. "शेठ, चढाला तिसरा गिअर सुटतोय हिचा!"

मालक माझ्याकडं वळले. "व्हय का रे?"

"व्हय शेठ. हातानं दाबून धरावा लागतो."

"सात वर्षांत बोलला नाय कधी?"

"सवय झाली होती."

चाचा खो खो हसले. मालकालाही हसू आवरेना. "जा याच्यासंगं. काय काय सवयी हायेत तिच्या, सगळ्या दाखव."

दोन खेपा मी डाव्या सीटवर बसून केल्या. इथं ब्रेक आधी दाब, या धाब्यावर गाडी सावलीत लाव, त्या गेटचा वॉचमन चिडका हाय पण मनाचा चांगला. सात वर्षं नजर पुढच्या गाडीवर. बाजूची शेतं, विहिरी, शाळेला निघालेली पोरं मी तेव्हा पहिल्यांदा निवांत बघितली. आजही टँकर चालवताना ती डावी खिडकी आठवते.

पंधरावा दिवस उजाडला. मालकांनी कपाट उघडलं, गठ्ठ्यातून माझं लायसन शोधून हातावर ठेवलं.

"मला आजवर कुणी सांगून गेलं नाय रे," ते म्हणाले. "फोनच येतो. तू सांगितलंस तर वाटलं, काहीतरी मनात धरून आलाय, जाता जाता गाडीचं नुकसान करील. म्हणून उतरवलं."

लायसन खिशात घातलं, वरून हात दाबून धरला.

"जेवून जा," मालक म्हणाले. त्यांच्याच डब्यातून दोघं जेवलो. जेवताना त्यांनी विचारलं, "गाव कसं हाय तुझं?" सात वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं. मी नदीपासून सांगायला सुरुवात केली. दुपारची एसटी निघून गेली, मला घाई वाटली नाही.