मैदानाकडे पाठ

मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, "अहो, तुमच्या पायाला भिंगरी लागलीये." ऑफिसातल्या मीटिंगमध्येसुद्धा मी खुर्ची मागेपुढे करत राहतो. फुटबॉलचा रेफरी होतो तोवर हा स्वभाव खपून गेला, कारण तिथे सतत पळायचंच असतं. मग गुडघ्याने दगा दिला आणि मी नव्या रेफरींना तयार करायला लागलो. म्हणजे पळायचं त्यांनी आणि मी कडेला उभं राहायचं. माझ्यासारख्याला याहून मोठी शिक्षा नाही.

नियम शिकवणं सोपं असतं. कठीण असतं ते माणूस टिकवणं. आमच्या मीरा-भाईंदरमध्ये मैदानं थोडी, संघ भरपूर, आणि कडेला उभ्या असलेल्या प्रत्येकाला रेफरीपेक्षा जास्त कळतं. नवघरच्या मैदानावर एका शिट्टीवर मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तिन्ही भाषांत शिव्या पडतात. माझ्या हाताखालचे दोन चांगले रेफरी पहिल्याच मोसमात सोडून गेले. एकाने निदान कारण सांगितलं, दुसऱ्याने माझे फोनच घ्यायचे बंद केले.

म्हणून किनाऱ्यावरच्या पाली गावातली एक मुलगी शिकायला आली तेव्हा मनाशी ठरवलं, हिला काही झालं तरी जाऊ द्यायचं नाही. वडिलांची मासेमारीची बोट, ती भाईंदरला एका दवाखान्यात कामाला, आणि लहानपणापासून गावातल्या मुलांबरोबर फुटबॉल खेळलेली. पळायला चपळ, नजर त्याहून पक्की. फक्त शिट्टी अशी वाजवायची की जणू शेजारी कोणाचं तान्हं मूल झोपलंय. मी म्हटलं, "अगं, समोरच्या गोलकीपरला ऐकू जायला नको का?"

"ओरडायला मला येते, सर," ती म्हणाली. "शिट्टीचीच लाज वाटते."

लाज गेली, शिट्टीही सुधारली. पण माझा जीव काही थाऱ्यावर येईना. तिची एकही मॅच मी चुकवत नव्हतो. माझी शिकवायची एक पद्धत आहे. मॅच चालू असताना एक शब्द बोलायचा नाही, मध्यंतरालाही नाही. मॅच संपली की आधी पाणी द्यायचं आणि मग एकच प्रश्न विचारायचा, "आज परत संधी मिळाली तर कुठला निर्णय बदलशील?" तोंड बंद ठेवण्याचा मला फार अभिमान होता. माझे हात बोलतायत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

फाऊल झाला की माझा हात आपोआप वर जायचा. खेळ चालू द्यावासा वाटला की दोन्ही हात पाठीमागे. तिने हे कधी हेरलं देवाला ठाऊक, पण ती प्रत्येक शिट्टीआधी क्षणभर माझ्याकडे बघायला लागली होती. ती बघते हे मला दिसायचं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटायचं.

मग मुर्ध्याची मॅच आली. खाडीलगतचं मैदान, ऊन उतरायला लागलेलं, आणि डासांचे थवेच्या थवे. एक फॉरवर्ड बॉल घेऊन एकटाच गोलकडे सुटला होता. त्याच वेळी माझ्या मानेला डास चावला आणि मी हात उचलून फाडकन मारला. तिकडे शिट्टी वाजली. खेळ थांबला. फॉरवर्डने दोन्ही हात पसरून विचारलं, काय झालं? तिला काय सांगता येणार? ती माझ्याकडे बघत होती आणि मी तळहातावरचा मेलेला डास बघत होतो.

"अरे, असली रेफरी तो वो बाहर खड़ा है!" कोणीतरी ओरडलं आणि सगळं मैदान हसलं. पुढचा सगळा वेळ लोक अपील करायला माझ्याकडे वळत होते. ती मात्र शेवटपर्यंत मान खाली घालून पळत राहिली.

त्या दिवशी मी पाणी दिलं, पण प्रश्न विचारायची हिंमत झाली नाही. तीच बोलली. "सर, रविवारी आमच्या पालीत मॅच हाय. तुम्ही येऊ नका."

"अगं, तुझ्या स्वतःच्या गावाचा संघ खेळतोय! तिथेच तर कोणीतरी पाठीशी हवं."

"म्हणून तर नको," ती म्हणाली.

मला राग आला. इतकं केलं हिच्यासाठी, असंही मनात येऊन गेलं. पण रागापेक्षा भीती मोठी होती. गावच्या स्पर्धेत दुसरं कोणी मिळेना, म्हणून दोन्ही संघांनी तिला मान्य केलं होतं. गावाविरुद्ध एक शिट्टी पुरे होती. मग हीसुद्धा माझे फोन घ्यायचे बंद करणार.

रविवारी घरात मी इतक्या फेऱ्या मारल्या की बायकोने स्कूटरची किल्ली हातात दिली. "जा एकदाचे, पण तोंड दाखवू नका."

पालीच्या बोळात घरांच्या मागे मैदान आहे. अलीकडे एक चहाची टपरी. मी मैदानाकडे पाठ करून बाकड्यावर बसलो. दिसत काहीच नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. साध्या फाऊलला आखूड शिट्टी, ती ओळखीची. थ्रो-इनसाठी ओरड झाली, तिथे शिट्टी लागत नाही आणि तिने वाजवलीही नाही, शहाणी पोर. चहा निवत होता आणि माझा गुडघा बाकड्याखाली आपोआप हलत होता.

मग एक लांब, कडक शिट्टी आली आणि पाठोपाठ गलका उठला. एवढी लांब शिट्टी पेनल्टीचीच. आणि एवढा गलका गावाविरुद्धच्याच पेनल्टीला होतो. मी उठलो. बोळाच्या तोंडाशी गेलो. आणखी चार पावलं टाकली की तिला मी दिसलो असतो, आणि मग तिने बघितलंच असतं. मी परत आलो, बसलो, पुन्हा उठलो.

"अंकल, बैठो ना, चक्कर आ रहा है मेरेको," टपरीवाला म्हणाला.

गलका वाढत गेला. एक आवाज तर तिला नावाने हाक मारून शिव्या देत होता, म्हणजे घरचाच कोणी असणार. मला तिथे धावून जायचं होतं, त्या माणसाची गचांडी धरायची होती. मी बाकड्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो. तेवढ्यात पुन्हा शिट्टी झाली. आखूड आणि ठाम. गलका हळूहळू बसला. किक घेतल्याचा आवाज आला, मग पलीकडच्या संघाचा जल्लोष. पुढे खेळ चालू झाला आणि शेवटपर्यंत चालला.

लोक बोळातून कुरकुरत बाहेर पडले. ती सगळ्यांत शेवटी आली, एकटी. मला बघून थबकली.

"सर, तुम्ही आलात?"

"चहा प्यायला."

"भायंदरात चा मिळत न्हाय?"

मी पाण्याची बाटली पुढे केली. ती घटाघटा प्यायली. मग माझ्या तोंडून आपला प्रश्न गेलाच. "आज परत संधी मिळाली तर कुठला निर्णय बदलशील?"

ती बाटलीचं झाकण लावत राहिली. "पेनल्टी. बहुतेक न्हवती ती. आमच्या पोराचा पाय आधी बॉलला लागला असेल. त्याच गोलवर आम्ही हरलो."

मी तिथे उभा असतो तर माझे हात पाठीमागे गेले असते. तिनेही ते ओळखलं असावं.

"तुम्ही असतात तर वाचले असते मी," ती म्हणाली. "पण आज सगळे माझ्यावरच ओरडले, सर. तुमच्याकडे कोणी वळला न्हाय."

"घरी काय म्हणतील?"

"काका बोलणार न्हाय चार दिवस. आई जेवायला घालेल, पण टोपाचं झाकण जोरात आपटेल." तिने शिट्टीची दोरी गळ्यातून काढून मनगटाला गुंडाळली. "पुढच्या रविवारी नवघरला मॅच हाय माझी."

मी तिच्या हातातून बाटली घेतली. डोळे भरून आले होते आणि टपरीवाला बघत होता.

"येऊ नका," ती म्हणाली, आणि घराकडे चालू लागली. मी खाली बसलो आणि दुसरा चहा सांगितला.