आईनं दिलेला पेला

गाव सोडलं त्या सकाळी फाट्यावर एसटी आली आणि आईनं माझ्या पिशवीत स्टीलचा पेला कोंबला. भांडीवाल्याकडून त्यावर माझं नाव कोरून घेतलेलं. मी आठवीतून शाळा सोडलेला. आई म्हणाली, "बाबा, कुणापुढं वंजळ धरायची नाही. पाणी पेल्यातच मागायचं."

तिनं जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपलं. तहान लागली की खाली बसून ओंजळ धरायची, मालकीण वरून तांब्या ओतणार. तांब्याला आमचा हात लागायचा नाही.

साकीनाक्याला लेथच्या कारखान्यात लागलो. माठावर सगळ्यांचा एकच ग्लास. मी माझा पेला काढला तसा शेजारच्या मशीनवरचा पांडूकाका, मूळचा मालवणकडचा, ओरडला, "काय रे, आमच्या ग्लासाक काय झाला? राजा लागून गेलंस?" सगळे हसले, मीही हसलो. याच माणसांनी मला काम शिकवलं, घाटकोपरला खोली बघून दिली. त्यांचं मी विसरणार नाही. पण पेला काही सुटला नाही. कुठंही जायचं तर पिशवीत तो हवाच. भीतीच ती, दुसरं काय.

माझी लेक करुणा नर्सिंग पास झाली. चेन्नईच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. "जाऊ ना पप्पा?" तिनं विचारलं, की माझं "बघू" ठरलेलं. परक्या मुलखात पोरीला कोण कसं वागवेल, याच विचारानं झोप उडालेली. रविवारी म्हणाली, "चल, तुला जुनी मुंबई दाखवते. कारखाना सोडून काय बघितलंयस तू?"

हुतात्मा चौकात मशाल धरलेले दोन पुतळे. "आपलं राज्य मिळावं म्हणून इथं लोकांनी गोळ्या खाल्ल्या, पप्पा." मी हात जोडले. तळ्याचं पाणी प्यायले म्हणून आमच्या माणसांनी मार खाल्ला, तेही जयंतीच्या भाषणांत ऐकलेलं. त्यानंतर कितीतरी वर्षांनी माझी आई बांधावर ओंजळ धरून बसतच होती. क्रांतीला आमच्या फाट्यावर उतरायचं सुचलं नसेल.

ऊन चढलं. मागच्या गल्लीत जुनी दगडी प्याऊ होती, नळाला साखळीनं ग्लास बांधलेला. मी पिशवीत हात घातला. तेवढ्यात पुढच्या हमालानं पाणी पिऊन ग्लास करुणाच्या हातात दिला. तिनं तो विसळला, घटाघटा प्यायली, पुन्हा भरून मागच्या म्हाताऱ्याला दिला. "घ्या काका." कुणी बघतंय का, हे तिनं पाहिलंसुद्धा नाही. परतीची बस कुठून मिळेल हेच मला सांगत होती.

"काय शोधतोयस?"

"काही नाही." म्हाताऱ्याकडून ग्लास घेतला आणि त्यातूनच प्यायलो. मग म्हणालो, "जा तू चेन्नईला."

"नक्की ना? घरी जाऊन परत 'बघू' नको हां!"

"जा म्हटलं ना."

ती निघाली तेव्हा मी गुपचूप तिच्या बॅगेत पेला ठेवला. तिनं काढून परत दिला. "अरे पप्पा, तिथं ग्लास असतात."

आई, तू दिलेला पेला हरवलेला नाही. इतकी वर्षं माझं घर त्या पिशवीत होतं. आता तो पेला मांडणीवर, बाकीच्या भांड्यांत ठेवलाय. काल शेजारचे आले, त्यांना त्यातूनच पाणी दिलं.