राखेतला कटांगा
ज्वारीची कणसं भाजल्याचा वास आला की शेतकी कॉलेजात शिकायला आलेला आमचा काँगोचा भाडेकरू आठवतो. पेडगावच्या शेतात हुरडा खाताना त्यानं आगटीच्या राखेत काडीनं आपला कटांगा प्रांत काढला आणि त्याचे चार तुकडे केले. सरकारनं असेच केले म्हणाला. "परभणीतून हिंगोली बी अशीच तोडली की," वडील म्हणाले, "माझी बहीण बसल्या जागी परजिल्ह्यातली झाली." तो हसला, एका तुकड्यावर हुरड्याचा दाणा ठेवून म्हणाला, "इथं माझी आई." तेवढ्यात आमच्या आईनं राख ढवळून नवी कणसं खुपसली. परवा टीव्हीवर त्या चारांतल्या एका प्रांतातली गावं जळताना दिसली. दाणा कुठल्या तुकड्यावर होता, काही केल्या आठवेना.