भाचीसाठी रडले तो दिवस

गेल्या उन्हाळ्यात सकाळी दहाच्या सुमारास धाकट्या भावाचा फोन आला. तो रावेरजवळच्या आमच्या गावी केळी करतो. मी धुळ्यात, घरी एकटीच, पोळ्या लाटत होते. "अक्का, आपली पोरगी गेली," एवढंच तो बोलला. पोरगी म्हणजे त्याची एकुलती एक, बावीस वर्षांची. मी किंचाळले, फोन कॉटवर फेकला आणि अंगावरच्या साडीनिशी स्टँड गाठलं. गॅस बंद केला होता की नाही, देव जाणे.

दोन वर्षं मी तिच्याशी बोलत नव्हते. बोदवडचं चांगलं स्थळ मी आणलं, मुलाकडून होकार आला, आणि या बाईसाहेब चारचौघांत नाही म्हणाल्या. माझा स्वभाव आधीच तिखट. "तुझं तोंड बघणार नाही," असं सुनावून मी निघून आले. नंतर तिने किती वेळा फोन केला, मी उचललाच नाही. एसटीत शेजारची बाई पाणी देत होती, मी कसली पिते! एवढा माज कशाचा होता गं तुला, असं स्वतःलाच विचारत मी रावेरपर्यंत रडले.

घरी पोहोचले तर दारात ना माणसं, ना रडारड. पोरगी ओट्यावर बसून लसूण सोलत होती.

भाऊ धावत आला. आदल्या दिवशी बागेत तिच्या डोक्यावर कावळा बसला होता. आमच्याकडे हा मोठा अपशकुन. तो टळावा म्हणून जवळच्या नातेवाइकाला मरणाची खोटी बातमी द्यायची, तो रडला की लगेच खरं सांगायचं. "तू पुढचं ऐकून तरी घ्यायचं ना, अक्का! किती फोन केले." लहानपणी मी स्वतः अशी काकासाठी रडले होते, तरी डोक्यात आलं नाही. भावाला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पोरीने पाणी आणलं. मी विचारलं, "एवढ्या गणगोतात मीच सापडले का?"

"आई म्हणाली, मनापासून रडेल असं माणूस सांग. मी तुझं नाव सांगितलं."

"आणि मी रडले नसते तर, भवाने?"

"तर मग माझं काही खरं नव्हतं, आत्या."