आधी उचलून दाखव

कराडच्या गॅरेजवाल्या मामांनी दारातला चिखल मुद्दाम पाणी मारून राखलाय. किती सीसीची गाडी घेऊ विचारलं, की ते गाडी त्या चिखलात आडवी करतात.

मी नववीत शाळा सोडलेला, नांदेडकडचा. डोंगरावर पवनचक्क्यांची राखण मिळाली होती. दगडधोंड्यांच्या वाटेनं वेळेवर पोचलो नाही तर नोकरी जाणार. म्हणून मोठ्यात मोठी, साडेचारशे सीसीची मागितली.

"उचल."

ती हलेना.

"मामा, मी पडणारच नाही!"

"समदे पडत्यात, गड्या. वर डोंगरात गाडी उचलाया कोण हाय तुझं?"

दीडशेची मात्र एका दमात उभी केली. मामा खूश झाले, चालवून दाखवतो म्हणून बसले आणि गाडीसकट चिखलात आडवे.

"बघ, म्हणलं न्हवतं?"

मी आधी गाडी उचलली, मग मामांना. मामाच जड निघाले.