पुण्याची स्कॉलरशिप

अकोल्याच्या सरकारी शाळेत मी तीन वर्षं काढली, पण मनातलं बोलावं असं माणूस काही मिळालं नाही. वर्गात कुणब्याचा पोरगा मी एकटा. बाकी सगळी पुण्याकडून आलेल्या कारकुनांची पोरं. मी तोंड उघडलं की 'मले-तुले' करून खिदळायची. मग मी बोलणंच सोडलं. भाड्याच्या खोलीत भाकर थापायची, ठेच्याशी खायची, पुस्तक उघडायचं. सुट्टीत गावी, हिवरखेडला गेलो तर तिथे आणखीच पंचाईत. अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिथला कापूस विलायतेला जायचा बंद, म्हणून आमच्या कापसाला सोन्याचा भाव. जो तो त्याच्याच गोष्टी करून राहिलेला! मी काय शिकतो हे मायनंही कधी विचारलं नाही.

शेवटच्या वर्षी मास्तरांनी मला थांबवून घेतलं. पुण्याच्या कॉलेजात मोजकीच मुलं घेतात, आणि वऱ्हाडातून परीक्षेत पहिला येईल त्याचा तिथला सगळा खर्च सरकार करणार, असं त्यांनी सांगितलं. "ही दया नव्हे बरं का, कमाई आहे. घरी नीट समजावून सांग."

मी इरेला पेटलो आणि पहिला आलो. बातमी सांगायला खोलीत कुणी नव्हतं. भिंतीला सांगितली, खरंच सांगतो.

स्कॉलरशिपच्या कागदावर बापाची संमती लागत होती, आणि त्यासाठी शाळाखात्याचा गोरा साहेब कारकुनाला घेऊन शाळेत आला होता. बा आला तो अशा थाटात, की वर्गातली पोरं खिडकीला लटकली. नवी दमणी गाडी, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, डोक्याला जरीचा फेटा! आमच्यात सहीच्या जागी नांगराचं चित्र काढायची रीत. साहेबानं टाक पुढे केला. बानं विचारलं, "पन हे पैसे कायचे?"

"सरकार मुलाला पोसणार," कारकून म्हणाला.

झालं! बानं टाक खाली ठेवला. "सरकार काहून पोसते? मी मेलो का? आमी कोनाचं फुकट खात नाई, सायेब. हे एखाद्या गरिबाच्या लेकराले द्या. माह्या पोराले मीच धाडतो पुन्याले."

साहेब खूश झाला. तिथल्या तिथे माझं नाव खोडून दुसऱ्या नंबरच्या मुलाचं लिहिलं.

कॉलेज उघडायच्या आत अमेरिकेतली लढाई मिटली. कापसाला काळं कुत्रं विचारेना. दमणी विकली, शेंब्या विकल्या, माझं पुणंही गेलं. मी गावात राहिलो. वाचलेलं बोलायला इथे कुणी नाही, आणि वखर हाणताना बैलांशी किती बोलणार?

एकदा बांधावर शिदोरी सोडताना बा म्हणाला, "तुले तं समजत होतं. मले काहून नाई टोकलं रे?"

काय सांगू? मास्तरांचं बोलणं त्या दिवशी अगदी ओठांवर आलं होतं. पण खिडकीतली पोरं डोळे फाडून बघत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला हसत नव्हतं. बाच्या तोऱ्यात मीही फुगलो होतो. वाटलं, अजून थोडं बोलू दे त्याला.

"मले बी नाई समजलं, बा," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि मरेपर्यंत सगळा दोष आपल्याच माथी घेतला. मी घेऊ दिला.